गेममशीनची टकटक

दसऱ्याला आमच्या घरी पाटावर बाबांची हत्यारं मांडली जायची. पाने, पक्कड, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर. एका वर्षी त्यांच्या शेजारी माझं गेममशीन बसलं. नव्वदीचं दशक सरत आलं होतं आणि मी नववीत होते. मामा उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एका सिंधी शेठच्या दुकानात कामाला होते. शेठच्या मुलांना नवीन मशीन आलं, तेव्हा जुनं मामांच्या हाती पडलं आणि त्यांनी ते मला आणून दिलं. सीडीवर चालणारं मशीन अख्ख्या मोरिवली वस्तीत आमच्याकडेच आहे असा माझा समज होता आणि तो मी दिसेल त्याला ऐकवत असे.

बाबा अंबरनाथ एमआयडीसीत एका कंपनीत फिटर होते. त्यांच्या खात्यात एक रीत होती. पूजेचं कुंकू मशीनच्या अंगाला नाही, ते जिथे काम करतं तिथे लावायचं. त्याच हिशेबाने त्यांनी गेममशीनचं झाकण उघडलं, सीडी ज्या खुंटीवर बसते तिला हळदकुंकू लावलं आणि वर अक्षता वाहिल्या. आत भिंग आहे म्हणून मी कांगावा केला.

"भिंगाला कुठे लावलंय?" ते म्हणाले. संध्याकाळी मी फडक्याने सगळं पुसून काढलं आणि माझ्यापुरता विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी गाड्यांची शर्यत लावली तर आतून टक टक टक. थोडा वेळ शांत, परत टक टक टक. पडद्यावर गाडी काही येईना. मी सीडी पुसली, दुसरी घातली. शेठची मुलं मशीन पालथं घालून चालवायची असं मामांनी सांगितलं होतं, म्हणून तेही करून पाहिलं. पालथं घातल्यावर शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच वळणावर अडकली.

बाबा कामावरून आले तसं त्यांना हात धरून मशीनसमोर बसवलं.

"आवाज बघा ना."

त्यांनी मान वाकडी करून ऐकल्यासारखं केलं. "बरोबर तर चाललंय. कुठे आहे आवाज?"

"हा काय, टकटक वाजतंय."

"मला तर काय वाटत नाय."

मला वाटलं, अक्षतांवरून मी बोललेली म्हणून ते आता मुद्दाम लक्ष घालत नाहीत. माझं डोकं तापलं. चार दिवस मी रोज तेच विचारलं आणि त्यांनी रोज तेच सांगितलं. पाचव्या दिवशी मी त्यांच्यावर खेकसले, "घरात सगळ्यांना ऐकू येतं, तुम्हालाच का येत नाही?"

ते रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हातातला टॉवेल खांद्यावर टाकून ते मोरीकडे गेले. आई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, तिच्यावरून मला एवढंच कळलं की बोलू नये ते बोलून गेले आहे.

रविवारी सकाळी त्यांनी स्वतःच मशीन मागितलं. ते जमिनीवर ठेवून चालू करायला लावलं. मग मोठा स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक झाकणाला टेकवलं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली. थोडा वेळ थांबून नाही अशी मान हलवली. मग त्यांनी ती मूठ सरळ दातांत धरली आणि डोळे मिटले. मला हसू येणार होतं, पण त्यांचा चेहरा पाहून आलं नाही. कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली.

"तीन ठोके पडतात," ते मूठ काढून म्हणाले. "मग थांबतं, मागे जातं, परत तीन. मोटर चांगली आहे. सरकणाऱ्या भागाला काहीतरी आडवं येतंय. पिन काढ."

मी बोर्डातली पिन काढली आणि उजेडाला बॅटरी धरली. मग विचारलं, "दातांनी ऐकू येतं?"

"दातांनी येतं. कानांनी नाय येत, दोन वर्षं झाली." स्क्रू काढता काढता, वर न बघता ते बोलत होते. पत्रे ठोकणाऱ्या प्रेसशॉपच्या धडधडीत कान गेले होते. कामावरही ते सगळ्यांच्या आधी पोचून, कोणी बघत नाही तोवर मशीनांना असाच स्क्रू ड्रायव्हर टेकवून दातांनी ऐकून घेत. साहेबाला कळलं तर हत्यारं काढून घेऊन गेटवर वॉचमन म्हणून बसवतील, ही धास्ती होती. मला माझीच इतकी लाज वाटली की मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि "चुकलं माझं" म्हणाले. ते म्हणाले, "बॅटरी धर नीट."

वरचं कवच निघालं. भिंग ज्या दात्यांवरून सरकतं, त्या पांढऱ्या दात्यांमधल्या ग्रीसमध्ये एक तांदूळ रुतला होता, कुंकवाने लालभडक. बाबांनी तो चिमट्याने उचलला, तळहातावर घेतला आणि इतके हसले की आई धावत आली.

"मीच वाहिला, मीच काढला," ते म्हणाले.

त्या हसण्यात त्यांना काय धीर आला कोण जाणे, दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन साहेबाला सांगून मोकळे झाले. दोन वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट दहा मिनिटांत संपली. गेटवर कोणी बसवलं नाही. प्रेसशॉपमधून काढून त्यांना जुळणीच्या टेबलावर दिलं आणि डॉक्टरकडे पाठवलं. गेलेले कान परत येणार नाहीत, पण कानाला मशीन लावलं तर बरंच भागेल, असं डॉक्टर म्हणाले.

कानाचं मशीन लावून आले त्या संध्याकाळी मला वाटलं, आता माझं गेममशीन ऐकतील. ते सरळ खिडकीशी जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून. आई नेहमीसारखी त्यांच्या तोंडासमोर यायला निघाली, पण उंबऱ्यावरच थांबली आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाली, "अहो, चहा टाकू?"

"टाक. आलं घाल," बाबा पाठमोरेच म्हणाले.

आईने पदराने डोळे पुसले आणि आत गेली. मग आलं किसता किसता तिने आतूनच त्यांना साखरेचं विचारलं, दुधाचं विचारलं, उद्या डब्याला कोणती भाजी देऊ ते विचारलं, आणि त्यांनी एकदाही न वळता सगळ्याची उत्तरं दिली.