कोदैचे अप्पा सिनेमात रडले

कुंभकोणमला आमच्या शेजारी अरुणाचलम पिळ्ळै आणि त्यांची मुलगी कोदै राहत. तिचं विणकराच्या मुरुगेसनवर प्रेम होतं. जात आडवी आली. अप्पांनी माणसं घालून त्याला गावाबाहेर हाकललं, आणि कोदैने मग लग्नच केलं नाही.

ती चाळिशीला आली तेव्हा अप्पांच्या आवडत्या कादंबरीवरचा सिनेमा लागला. मीही त्यांच्याबरोबर गेले. पडद्यावरच्या बापाने प्रेमिकांची ताटातूट केली, तसे अप्पा उपरण्याने डोळे पुसू लागले.

"बाप आहे की कसाई!"

कोदै त्यांच्याकडे बघतच राहिली. "अप्पा, मुरुगेसन आठवतो?"

"कोण मुरुगेसन? गप्प बस गं, सिनेमा बघू दे."

कोदैने त्यांना शेवटपर्यंत जेवू घातलं, पण पुन्हा अप्पा म्हणून हाक मारली नाही.