सरोजकाकूंच्या गुडघ्याची शेवटची फुगडी

डोंबिवलीत सरोजकाकूंच्या डाव्या गुडघ्याची ख्याती त्यांच्या उकडीच्या मोदकांपेक्षा जास्त. गेल्या श्रावणात, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, कुणाच्या तरी सुनेच्या मंगळागौरीत फुगडी घालताना तो कटकन वाजला. आतली गादी फाटली, दुर्बिणीतून टाके पडले, आणि विचारपूस करायला येणाऱ्यांनी घरातला चिवडा संपवला. आता पुन्हा श्रावण तोंडावर आलेला. टाके जुळलेत का, ते पाहायला डॉक्टरांनी पुन्हा एमआरआय सांगितला. काकूंना घोर एकच: यंदा विमलबरोबर फुगडी होणार की नाही?

विमल म्हणजे जुन्या चाळीतली शेजारीण. दोघी एकाच वयाच्या, एकाच वर्षी सुना म्हणून आल्या. तेव्हापासून कुणाचीही मंगळागौर असो, या दोघींच्या फुगडीशिवाय खेळाला रंग चढायचा नाही.

ठाण्याच्या एमआरआय सेंटरला विमलच सोबत आली. टॅक्सीतच तिने निदान करून टाकलं, "शीळफाट्याच्या खड्ड्यांत उसवले नाहीत ना? मग जुळलेत टाके!"

बांगड्या, मंगळसूत्र, केसांतल्या पिना, सगळं विमलच्या पर्समध्ये गेलं. "वीस मिनिटं अजिबात हलायचं नाही हं, काकू," तिथली टेक्निशियन कृतिका बजावून गेली.

यंत्र घरघरलं. मग ठक-ठक, ठक-ठक. काकूंनी डोळे मिटले. चाळीचं अंगण, हिरवे चुडे, गुंतलेले हात, मागे झोकून दिलेलं अंग, गरगर फिरणारी गॅलरी आणि गॅलरीतल्या डोळे वटारणाऱ्या सासवा! विमल तेव्हा अशी भिरभिरायची की काकूंचे पाय जमिनीला लागत नसत. फू... फू...

"काकू, पाय हलतोय! सगळे फोटो बिघडले. आणि फू फू काय करताय? गरम होतंय का?"

पुन्हा पहिल्यापासून.

चार दिवसांनी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. "छान जुळलंय. चाला, जिने चढा."

"आणि फुगडी?"

"ती मात्र आता बंद."

काकूंचा चेहरा उतरला. शेजारी विमलने हात जोडले. "देव पावला गं बाई!"

"काय म्हणालीस?"

"अगं, तीन वर्षं माझे दोन्ही गुडघे ठणकतात. तू हिरमुसशील म्हणून बोलले नाही. कशीबशी फिरत होते."

"तरीच! गेल्या वर्षी मी फिरतेय आणि तू खांबासारखी उभी! तुला ओढता ओढताच गेला माझा गुडघा, भवाने!"

डॉक्टरांनी विमलसाठी नवा केसपेपर पुढे ओढला. तिने वय सांगितलं, अठ्ठावन्न.

"चौसष्ट लिहा," सरोजकाकू म्हणाल्या.