बिनकडीचे साडूभाऊ

माझ्या साडूभाऊंइतका निर्लज्ज माणूस अख्ख्या अरबस्तानात दुसरा झाला नसेल, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. जेद्द्यात अझीझियाच्या मागच्या बाजूला आमच्या कंपनीचा कॅम्प होता. पत्र्याच्या खोल्या, दोनशे माणसं, बारा संडास आणि आठ न्हाण्या. त्यातल्या एकाही दाराला आतून कडी नव्हती. म्हणजे होती, पण ती साडूभाऊंनी काढली. कॅम्पाचे सुतार तेच, तेव्हा त्यांना अडवणार कोण? एका शुक्रवारी निम्मा कॅम्प नमाजाला आणि उरलेला बलदच्या बाजारात गेलेला असताना त्यांनी संडास, न्हाण्या आणि खोल्या मिळून चाळीस कड्या उतरवल्या, दूध पावडरच्या मोठ्या डब्यात भरल्या आणि डबा आपल्या पलंगाखाली सरकवला. मी जाब विचारला तर म्हणाले, "कडी कशाला हवी? तुझं असं काय आहे जे कोण चोरून नेणार आहे?"

कडीच्या जागी त्यांनी नियम आणला. आत गेलेल्यानं आवाज करत राहायचं. गा, खोका, पाढे म्हणा, काय हवं ते करा. बाहेरून कुणी "आहेस का?" विचारलं की आतून "आहे" म्हणायचं. उत्तर आलं नाही तर दार ढकलायचं, मग आत कुणीही असो. दोनशे माणसांना ही सवय लागायला महिनासुद्धा लागला नाही. मल्याळी गडी, पाकिस्तानी ड्रायव्हर, सगळे आतून "आहे" म्हणायला शिकले. त्या ड्रायव्हरला मराठीचा तेवढा एकच शब्द येत होता. मी मूळचा लाजाळू. मला गाता येत नाही आणि आवाज केला की पुढचं काम होत नाही. पहिले पंधरा दिवस मी केवळ इसबगोलावर काढले. एकदा हेड ऑफिसचे मोठे इंजिनीअर तपासणीला आले आणि जरा आत गेले. साडूभाऊंनी दारावर टकटक केली, "आहात का?" साहेबाला मराठी कळेना, तो गप्प. साडूभाऊंनी दार ढकललं, साहेबाकडं नीट बघितलं, "आहेत," असं आम्हाला सांगितलं आणि दार पुन्हा लोटून घेतलं. तो साहेब पुन्हा कधी आमच्या कॅम्पावर आला नाही.

नातं म्हणाल तर ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव खेड. मुंबईला फर्निचरच्या कारखान्यात असताना गर्दाच्या नादी लागले. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. शेवटी सासरेबुवांनी डोकं चालवलं. ज्या मुलखात या धंद्यापायी मुंडकं उडवतात, तिथं पाठवला की जावई आपोआप सरळ होईल. मी तिथं आधीपासून इलेक्ट्रिशियन होतो, निर्व्यसनी म्हणून खानदानात माझं नाव होतं, म्हणून मला पत्र आलं, "लक्ष ठेवा." आता जेद्द्यातसुद्धा दारूऐवजी प्यायला कोलनचं अत्तर होतं, कुठल्या तरी खोलीत गाळलेली दारू होती, झोपेच्या गोळ्या होत्या, आणि क्वचित कुणाकडं पुडीही असायची. मुंडकं उडण्याच्या भीतीनं माणूस घ्यायचा थांबत नाही, फक्त लपून घेतो. साडूभाऊंचा गर्द सुटला होता, गोळ्या सुटल्या नव्हत्या, आणि ते त्यांनी आल्या दिवशी मला सांगून टाकलं. "मी घेतो. तुला सांगून घेतो. न सांगता घेणाऱ्याची काळजी कर."

शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की त्यांच्या पलंगाभोवती सात-आठ जणांची मंडळी जमायची. मी त्याला भजनी मंडळ म्हणायचो. सगळे घेणारे. त्यात दापोलीचा बशीर फिटर, साडूभाऊंचा उजवा हात. तिथं उपदेश नव्हता, नियम होते. एकट्यानं घ्यायचं नाही. एकानं त्या दिवशी शुद्धीवर राहायचं आणि बाकीच्यांना सांभाळायचं, त्याची पाळी लागायची. दारूवर गोळी नाही. दुसऱ्याची सुई नाही. कुणी आडवा झाला की त्याला कुशीवर वळवायचा आणि तो उताणा होऊ नये म्हणून पाठीला तांदळाची गोण लावायची. आमच्या खोलीतला तांदूळ त्यामुळं कायम कुणाच्या तरी पाठीशी असायचा आणि भात मागितला की आधी माणूस हलवावा लागायचा. मी चिडायचो. म्हणायचो, साडूभाऊ, यांना सोडायला लावा, सांभाळता काय? ते म्हणायचे, "सोडतील तेव्हा सोडतील. तोवर जिवंत तर राहू देत. मेलेल्यानं काही सोडल्याचं ऐकलंयस कधी?"

कड्यांचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही डब्यातल्या कड्यांना तेल लावता लावता. मुंबईला एका लॉजच्या संडासात त्यांचा दोस्त आत गेला. कडी लावली. साडूभाऊ बाहेर आपली पाळी येईल म्हणून उभे. "मी त्याला शिव्या देत होतो रे, उशीर लावतो म्हणून. अर्धा तास. दार फोडलं तेव्हा अंग गार होतं." एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

मग नव्वद सालच्या ऑगस्टात इराक कुवेतमध्ये घुसला आणि जानेवारीत लढाई पेटली. पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे आम्हाला आणवणाऱ्या अरब मालकाच्या तिजोरीत, विमानं बंद, जायचं म्हटलं तर जाणार कुठं? क्षेपणास्त्रं पडत होती रियाधकडं आणि दम्मामकडं, आणि आम्ही जेद्द्यात खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत होतो. विषारी गॅस येणार अशी हूल होती. मुखवटे आमच्यापर्यंत पोचलेच नाहीत, प्रत्येकाला एकेक टॉवेल मिळाला. कॅम्प बॉसनं बिनखिडकीची स्टोअरची खोली गॅससाठी पक्की बंद करायला काढली आणि हुकूम सोडला, तिला आतून कडी लावा, म्हणजे घाबरलेला माणूस दार उघडून गॅस आत घेणार नाही. आणि आता हात लागलाच आहे तर संडासांच्या कड्याही परत बसवा. साडूभाऊ म्हणाले, नाही.

बॉस सगळ्यांसमोर म्हणाला, "कडी लगाओ, नहीं तो एक्झिट. खलास." एक्झिट म्हणजे कायमची मायदेशी रवानगी. साडूभाऊ म्हणाले, "लगाओ एक्झिट. कडी नहीं लगेगी." आणि जेवायला बसले. हे दिसायला मजेशीर होतं, पण त्यांचं काय पणाला लागलं होतं ते फक्त मला माहीत होतं. मागं कधीतरी ते मला बोलले होते, "मुंबईला परत गेलो की कोपऱ्यावर पुडी आहे. तिथं मी फार दिवस टिकायचा नाही." म्हणजे एक्झिट झाली तर नोकरीच नव्हे, माणूसच जाणार होता. तरी हट्ट सोडेनात. बॉसनं कागद फिरवला, कड्या हव्यात म्हणून सह्या घेतल्या. लोकांनी केल्या. मीही केली. एवढंच नाही, स्टोअरची नवी कडी मी स्वतः, माझ्या ड्रिलनं, माझ्या हातानं बसवली. साडूभाऊ बघत उभे होते. म्हणाले, "स्क्रू लांब घेतलेस."

आता माझं सांगतो. लढाईच्या धास्तीनं अकरा रात्री मी झोपलो नव्हतो. मी निर्व्यसनी माणूस, भजनी मंडळाकडं कुठल्या तोंडानं जाणार? दुसऱ्या कॅम्पातल्या एकाकडून गोळ्या घेतल्या. गोळीनं झोप येईना म्हणून वर कोलन घेतलं. आणि हे सगळं करायला जागा कुठली, तर अख्ख्या कॅम्पात कडी असलेली एकच. शुक्रवारी दुपारी स्टोअरमध्ये शिरलो, आतून कडी घातली आणि दाराच्या फटीला टॉवेलही लावला.

पुढचं मला बशीरनं सांगितलं. त्या दिवशी जेवणात सुरमई होती. मी सुरमई सोडत नाही हे साडूभाऊंना ठाऊक. ते ओळीनं दारं वाजवत निघाले, "आहेस का? आहेस का?" स्टोअरपाशी आले. उत्तर नाही. त्यांनी लाकूड तासायची वाकस उचलली. बॉस आडवा आला, सील तोडलंस तर तुझी खैर नाही म्हणाला. साडूभाऊंनी त्याला एवढंच सांगितलं, "बाजूला व्हा, लागेल." माझे लांब स्क्रू निघेनात, शेवटी फळीच फोडली. मी उताणा पडलो होतो, ओठ निळे. कुशीवर घेतलं, तोंड साफ केलं, बॉसच्याच पिकअपमध्ये घातलं. वाटेत सगळे म्हणत होते, हॉस्पिटलात हार्ट अटॅक सांगू, खरं सांगितलं तर पोलीस येतील. साडूभाऊंनी गोळ्यांचं रिकामं पाकीट आणि कोलनची बाटली डॉक्टरच्या टेबलावर ठेवली. "खोटं सांगितलं तर औषध खोट्यावर होईल," म्हणाले. पोलीस आलेच. बाटली कुणाची म्हणून विचारलं. साडूभाऊ म्हणाले, "मेरी."

मी शुद्धीवर आलो तेव्हा उशाशी बशीर होता. साडूभाऊंना पोलीस घेऊन गेले होते. लढाई संपल्यावर त्यांना सोडलं, ते थेट एक्झिट देऊनच. सुटायच्या आधी एकदा जाळीपलीकडून भेट मिळाली. मी रडायला लागलो. म्हटलं, साडूभाऊ, मी त्या कागदावर सही केली होती. "बघितली मी. अक्षर सुधार," म्हणाले. "आणि सासरेबुवांना यातलं काही सांगू नकोस, नाहीतर तुलाही कुठंतरी पाठवतील." मी हात जोडले, मुंबईला जाऊ नका, खेडला राहा. ते म्हणाले, "बघू. तिकडंही कोणीतरी कड्या लावून बसलं असेल. तू डबा सांभाळ."

डबा मी सांभाळला, आणि बॉसनंही पुन्हा कड्यांचं नाव काढलं नाही. त्यानंतर दोन वर्षं शुक्रवारची दारांची ओळ बशीर आणि मी वाजवत होतो, आणि कॅम्पात एकही माणूस गेला नाही. कायमचा परतलो तेव्हा मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं डबा हलवून बघितला, सोनं आहे म्हणून हर्षानं उघडला आणि चाळीस कड्या बघून कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिला. साडूभाऊ मुंबईलाच गेले होते. घेत होते, टिकत होते, पुलाखालच्या पोरांना कुशीवर झोपवत होते. माझी मेव्हणी सांगते, त्यांनी तीन वर्षं काढली. शेवटी कावीळ झाली. घरात गेले, उजेडात गेले, भोवती माणसं होती. खानदानात आजही त्यांचं नाव काढलं की लोक दुसरा विषय काढतात. काढोत. वाया गेलेला जावई म्हणतात, तेव्हा मी उठून जातो.

आमच्या घरी न्हाणीला कडी नाही. सूनबाई आली तेव्हा तिनं हळूच नवऱ्याकरवी विचारलं, मी नाही म्हणून सांगितलं. आता मुलगा-सून पुण्याला, बायको दिवसभर वाडीत. घरात मी एकटाच असतो. आत गेलो की थोडा वेळ बाहेरच्या पावलांकडं कान लावतो, आणि मग कुणी विचारलेलं नसताना मोठ्यानं म्हणतो, "आहे, साडूभाऊ."