गुलाबरावची भोकांची पायली

गुलाबराव गेल्याची बातमी मला लक्ष्मण तांबटाने दिली आणि मी त्याला विचारलं, "कोनता गुलाबराव?" पुलगाव-नाचणगावात मिळून मी ज्याला रोज भेटत होतो असा गुलाबराव एकच. तरी विचारलं. लक्ष्मण उन्हातून पळत आला होता, दुकानाच्या फळीला धरून धापा टाकत होता. "नाचनगावचा जी. आपला. लिंबाखाली चपला काढून बसले, वहिनीले पानी मांगतलं. पानी येईस्तोवर गेले." मी म्हणालो, "काल त इथंच बसून होता." जणू काल इथे बसलेला माणूस आज जाऊ शकत नाही असा काही कायदा आहे…

त्या वेळी मी नागपूरहून आलेलं पार्सल फोडत होतो. त्यात गुलाबरावसाठीच मागवलेली बारीक जाळीची चाळणी होती. दुकान कसं बंद केलं, सायकल कुणाची नेली, मला आठवत नाही. नाचणगावला पोचल्यावर दारात जमलेली माणसं माझ्या हाताकडे बघायला लागली, तेव्हा कळलं की चाळणी माझ्या हातातच आहे. अंत्यविधीला चाळणी घेऊन आलेला माणूस गावाने पहिल्यांदाच पाहिला असेल. ती कुठे ठेवावी तेही सुचेना. शेवटपर्यंत मी ती काखेत धरून उभा होतो.

ती चाळणी त्याच्या हातात देताना मी त्याला एक गोष्ट सांगणार होतो. सहा वर्षं सांगायची राहून गेलेली गोष्ट. या वेळी नक्की, असं मी मनाशी ठरवलं होतं. असं याआधीही बरेचदा ठरवलं होतं म्हणा, पण या वेळी खरंच ठरवलं होतं.

ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुलाबराव पुलगावच्या लष्करी डेपोतल्या अफसरांच्या मेसमध्ये कोठाराचं काम बघायचा. घर नाचणगावला, दारात दोन गवळाऊ जातीच्या गाई. लढाईच्या काळात तो पलटणीच्या स्वयंपाक्यांबरोबर पार इटलीपर्यंत गेला होता. तिथल्या एका डोंगराळ खेड्यात एका म्हातारीला त्याने आठवडाभर पाणी भरून दिलं. निघायच्या दिवशी तिने तळघरातून चाकाएवढा पिवळट गोळा काढला, तारेने कापला आणि याच्या तळहातावर एक फोड ठेवली. ते चीज. दूध घट्ट करून, दाबून, मीठ लावून महिनोन्महिने मुरवलेलं. परत आल्यावर त्याने तोफा सांगितल्या नाहीत की समुद्र सांगितला नाही, सांगितली ती ही फोड. मेसमध्ये डब्यातलं चीज यायचं, त्याला तो साबण म्हणायचा. "भाऊ, मले मरायच्या आंधी एकडाव थे आपल्या गाईच्या दुधाचं करून पाह्यचं आहे," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की पुढेपुढे मी ते त्याच्याबरोबर म्हणायचो. मरायच्या आधी… तेव्हा त्यात हसण्यासारखं वाटायचं.

माझं दुकान भांड्यांचं आणि लोखंडी सामानाचं. गुलाबराव आला की उपड्या घमेल्यावर बसायचा. भांडं निवडायची त्याची एक रीत होती. नखाने टिचकी मारायची, कानाशी धरायचं, डोळे मिटायचे. त्याच्या या कानामुळे माझी निम्मी गिऱ्हाइकं वैतागून परत गेली असतील. दूध दाबायला साचा पाहिजे म्हणून त्याने दुकानातल्या सगळ्या डब्यांना टिचक्या मारल्या आणि शेवटी निवडली ती माझ्या धान्याच्या मापांतली पितळी पायली. म्हणाला, "ह्याले बुडाले अन् बाजूले भोकं पाडून घेतो." मी उडालोच. व्यापाऱ्याच्या घरात मापाला भोक पाडणं म्हणजे देवाच्या मूर्तीने अक्रोड फोडणं. आई तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. वर पितळेत दूध कळकतं, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मंग कल्हई करून घेऊ नं बाप्पा." लक्ष्मण तांबटाने भोकं पाडली, आतून कल्हई केली आणि दुकानाबाहेर पडताना माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की याचा मित्र वेडा आहे ते आहेच, पण हा कोण शहाणा.

तशीच तार. लोखंडी गंजते, पितळी वाकते, म्हणून नागपूरहून सतारीची तार आणवली आणि तिला दोन्ही टोकांना बाभळीच्या मुठी बसवल्या. कापड मिलचं मांजरपाट, तेही तीनदा उकळून. दाबायला जात्याची वरची तळी. एकदा डॉक्टरच्या कंपाउंडरकडून तापाचा थर्मामीटर मागून आणला आणि उकळत्या दुधात बुडवला. काच फुटली, पारा दुधात. सगळं दूध खड्ड्यात ओतावं लागलं. वहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, सरूबाईने, आठ दिवस त्याला गाईच्या जवळ जाऊ दिलं नाही. मग तो कोपर बुडवून दुधाची ऊब बघायला लागला. ती सवय पुढे कायमची झाली. माझ्या दुकानात चहासुद्धा आधी कोपराजवळ नेऊन बघायचा.

आणि पुस्तक. मेसमधला एक गोरा साहेब देश सोडून जाताना बरंच सामान टाकून गेला, त्यात घरच्या दुभत्याचं एक इंग्रजी पुस्तक होतं, पुठ्ठा निघालेलं. गुलाबराव मराठी चौथी. मी मॅट्रिक. म्हणून पुस्तक घेऊन तो माझ्याकडे आला. "तुमी वाचा, मी डोक्यात ठेवतो." दर रविवारी दुपारी वाचन व्हायचं. मी एकेक वाक्य इंग्रजीत मनात वाचायचो, मराठीत मोठ्याने सांगायचो आणि तो घमेल्यावर बसून मान डोलवायचा.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी ते पान आलं. दूध विरजायचं कशाने, त्याचं पान. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की दूधपित्या वासराच्या जठराचा तुकडा मिठाच्या पाण्यात भिजवावा आणि ते पाणी दुधात घालावं. वाचकहो, आपला जिल्हा तुम्हाला ठाऊक आहे. गाईच्या तुपाशिवाय दुसरं तूप न खाण्याचं व्रत घेतलेली माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. माझे वडील त्यातलेच होते आणि मीही घेतलं होतं. मी ते वाक्य एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं.  मग मी दोन पानं एकदम उलटली आणि मनानेच सांगितलं, "दूध कोमट झालं का लिंबू पिळावं."

"बस? लिंबू?"

"बस. लिंबू."

त्याने एकदा माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं जी. पुढं वाचा."

लिंबाने जे व्हायचं तेच झालं. दूध फाटलं, भुसभुशीत छेना झाला. तो दाबून, मीठ लावून ठेवला तर आठवड्यात आंबला, काळा पडला. गुलाबराव प्रत्येक वेळी पळसाच्या पानात एक तुकडा बांधून मला दाखवायला आणायचा. "भाऊ, थे असं नोतं. थे वाके, दाताखाली कुईकुई करे. हे त नुसतं तुटून राह्यलं." आणि मग म्हणायचा, "हत्यारात खोट असन." दुसरा साचा, दुसरं फडकं, दुसरी पळी. मी दाखवायचो, तो टिचक्या मारून निवडायचा. एकदा तर मी त्याला हसून म्हणालो, "गुलाबराव, नाचता येईना अंगण वाकडं." तोही हसला. आज ते आठवलं की मला माझी जीभ चावावीशी वाटते. अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ते मीच वाकडं केलं होतं.

सांगावंसं वाटायचं, पण काय सांगणार? खरी कृती सांगितली तर त्याच्या गाईचं दूध त्या पाण्याने विरजायला मीच शिकवलं असं होणार. न सांगितलं तर माझा मित्र माझ्यामुळे जन्मभर चुकीच्या वाटेवर भांडी वाजवत बसणार. धर्म एकीकडे, दोस्ती एकीकडे, आणि मधे मी गप्प. गप्प बसायला मात्र मला फार जमलं. गेल्या वर्षभरात त्याने पळसाच्या पानातले तुकडे आणणं बंद केलं. मला वाटलं, बिचाऱ्याने नाद सोडला. तरी दुकानात येणं, टिचक्या मारणं, हे हवं ते हवं म्हणणं चालूच होतं. ती बारीक जाळीची चाळणीही त्यानेच मागवायला लावली होती.

चौदावं झाल्यावर मी नाचणगावला गेलो. चाळणी घेऊनच गेलो, कारण ती घरात ठेववेना. वहिनीने ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि खुंटीला अडकवली. मग मला राहवलं नाही. नवरा गेलेल्या बाईसमोर हे बोलू नये, एवढी अक्कल मला आहे. पण बोललो. म्हणालो, "वहिनी, त्याचं चीज माझ्यामुळं झालं नाई. त्या पुस्तकातलं एक पान मी वाचलंच नाई. लिंबू मी माझ्या मनानं सांगितलं होतं."

वहिनी पदराने हात पुसत होत्या. म्हणाल्या, "वासराचं पान नं?"

 पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. त्या आत गेल्या, पुस्तक घेऊन आल्या आणि बरोबर तेच पान उघडलं. पानाच्या कोपऱ्यात वासराचं लहानसं चित्र होतं. ते मी सहा वर्षांपूर्वीही पाहिलं असणार, पण माझे डोळे अक्षरांवर होते.

"इंग्रजी नाई येत, पन चित्र त वाचता येते, असं म्हनत होते," वहिनी म्हणाल्या. "त्याच दिवशी मेसमधल्या गोव्याच्या कुककडून पुरं पान समजून घेतलं त्यायनं. घरी येऊन मले म्हने, सरू, भाऊले धरम आडवा आला. अन् मीबी नसतंच केलं थे."

"मंग मले काऊन नाई बोलला?"

"म्हने, बोललो त भाऊ लाजन. मंग दुकानात बसू देईन का?"

"अन् हे हत्यारं? सहा वर्षं हत्यारात खोट आहे म्हनून नेत होता…"

वहिनी पहिल्यांदा जराशा हसल्या. "बसाले काई बहाना लागे नं, भाऊजी. खाली हात दुकानात कोन किती डाव जाईन?"

मला रडू यायला हवं होतं. आधी राग आला, खरं सांगतो. सहा वर्षं मी छातीवर धोंडा घेऊन वावरलो, आणि हा माणूस समोर घमेल्यावर बसून माझी मजा बघत होता! एकदा बोलला असता तर काय बिघडलं असतं? मग लक्षात आलं, मीही एकदा बोललो असतो तर काय बिघडलं असतं. रागाला जागाच उरली नाही.

वहिनी मला घरामागच्या पायऱ्यांच्या विहिरीवर घेऊन गेल्या. आत पाण्याच्या वर, हात पोचेल असा एक कोनाडा आहे. तिथून त्यांनी झाकणाचा डबा काढला, डब्यातून मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या मांजरपाटातला गोळा. पायलीच्या आकाराचा, अंगभर बारीक बारीक टेंगळं. भोकांच्या खुणा. स्टेशनजवळ राहायला आलेल्या सिंधी निर्वासितांतल्या एका म्हातारीने गेल्या वर्षी वहिनीला सांगितलं होतं, की त्यांच्या मुलखात पनीरडोडी नावाच्या झुडपाच्या फळांनी दूध घट्ट बांधतात, वासराचं काही लागत नाही. गुलाबराव नागपूरच्या काष्ठौषधींच्या दुकानातून ती फळं घेऊन आला. चारपाच गोळे बिघडले. हा पौषातला. मला काही सांगायचं नाही, मुरू द्यायचा, आणि अक्षय्यतृतीयेला पहिली फोड माझ्या हातावर ठेवायची, असं त्याने ठरवलं होतं. अक्षय्यतृतीयेला अजून नऊ दिवस होते.

"तुमी खाल असं करून दाखवतो, म्हनत होते," वहिनी म्हणाल्या. "भाऊच्या व्रतात बसन असं."

त्यांनी तार दिली. मी मुठी धरल्या. सतारीची तार गोळ्यातून सरळ उतरली, काही भुगा पडला नाही. फोड वाकली. मी तोंडात टाकली आणि दाताखाली बारीकसा आवाज आला, तो सांगायचा अगदी तसा. खारट, किंचित कडू, मागून दुधाची गोडी. आवडलं का, ते मला सांगता येणार नाही. वहिनी विचारत होत्या, "झालं का जी बरोबर? त्यायनं सांगितलं होतं तसं?" इटलीतल्या त्या म्हातारीची फोड खाल्लेला एकच माणूस आमच्यात होता, तो आता नव्हता. मी हो म्हणालो. या घरात खरं की खोटं न जाणता बोललेलं ते माझं दुसरं वाक्य; पहिलं, त्याचं चीज झालं नाई, हे.

निघताना वहिनीने पायली माझ्या हातात दिली. "तुमचंच माप आहे." मी ती दुकानात आणून बाकीच्या मापांच्या रांगेत ठेवली आहे. आई आता काही बोलत नाही. नवं गिऱ्हाईक कधी ती उचलतं, भोकं बघून विचारतं, हे कसलं माप? मी म्हणतो, ते विकायचं नाही.

घमेलं मात्र विकलं. कुणीतरी मागितलं आणि मी देऊन टाकलं, मग दिवसभर चुकल्यासारखं होत राहिलं. परवा एक बाई हंडा निवडत होत्या. त्यांनी नखाने टिचकी मारली. मी वही लिहीत होतो, मान वर न करता म्हणालो, "गुलाबराव, त्या पानाचं तुले सांगाचं होतं…" बाई घाबरून हंडा ठेवून गेल्या. मी उठून त्या हंड्याला स्वतःच एक टिचकी मारली आणि कानाशी धरला. आवाज चांगला होता. त्याने तोच घेतला असता.