न पाठवलेल्या नोटिसा

आमचे लीगल हेड पुण्याला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला गेले. विषय होता ‘लीगल हेडची बदलती भूमिका’. त्या दोन दिवसांत मी त्यांची जुनी भूमिका टपालात टाकून आले.

खामगावातली आमची कंपनी कापसाच्या जिनिंगची आणि सरकीच्या तेलाची. लीगल विभाग म्हणजे सर आणि मी. सर वीस-बावीस वर्षांपासून तिथेच. पूर्वी त्यांचं टेबल गोदामाला लागून होतं आणि काम म्हणजे तारखेला कोर्टात उभं राहणं. मग मालकांची मुलगी कारभारात आली. तिला सगळे ताई म्हणतात. ताईंनी सरांना वरच्या मजल्यावर काचेची केबिन आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये खुर्ची दिली. लीगलने भांडण झाल्यावर नाही, त्याच्या आधी दिसलं पाहिजे, असंही सांगितलं. सर ‘हाव’ म्हणाले आणि त्यांनी काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवलं.

मी इंग्रजी शाळेतली. मराठी वाक्य बोलण्याआधी मनात एकदा तपासून घेते, तोवर समोरच्यांचा विषय बदललेला असतो. त्यामुळे ऑफिसात मला शांत आणि हुशार समजतात. त्यातलं शांत खरं आहे.

ताईंनी ‘पेंडिंग’ कामांची यादी मागितली होती. सरांच्या कपाटात मला अकरा नोटिसा सापडल्या. सगळ्यांवर मालकांची सही, पाकिटांवर पत्ते, तारखा मात्र जुन्या. मला वाटलं, सर विसरले. शनिवारी दुपारी दहा पाकिटं स्पीड पोस्टने पाठवली. अकरावं मालकांच्या मेहुण्यांचं होतं. ते आम्हाला कापूस देतात आणि त्यांचे मुनीम तेव्हा आमच्याच रिसेप्शनला चहा पीत बसले होते. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं, पोच घेतली आणि रिकाम्या कपाटाचा फोटो सरांना पाठवला.

मिनिटभरात फोन आला.

“काऊन धाडल्या?”

“सर, पेंडिंग होत्या.”

“पेंडिंग नव्हत्या वो मॅडम. त्यायचं काम झालं होतं.”

मग कळलं ते असं. मालकांना राग आला की ते नोटीस मागत. सर जहाल इंग्रजीत ती लिहीत, मालक दातओठ खात सही करत आणि घरी जाऊन नीट जेवत. नोटीस कपाटात जाई. आठवडाभरात राग उतरे, आणि समोरचा नोटिशीला घाबरला म्हणून गप्प बसला, असं मालकांना वाटे. मेहुण्यांची नोटीस ओल्या कापसाबद्दल होती. राग मात्र मेहुण्यांच्या मुलाच्या लग्नातला होता, मालकांच्या आधी दुसऱ्याच पाहुण्याला फेटा बांधल्याचा. त्यानंतर दोघं मिळून शेगावला जाऊनही आले होते.

“मालकाले समजलं तं माही नोकरी गेली,” सर म्हणाले. “त्या दहा तरी वापस आणा.”

पोस्टात अर्ज लिहून दिला. खिडकीतल्या माणसाने पाकिटं मोजून परत दिली. “दोन घंट्यात दहा जणायशी समझोता?” मी नुसती मान हलवली.

सोमवारी मीटिंग सुरू असताना मेहुणे सरळ आत आले, हातात पाकीट.

“भाऊजी, काल माह्या घरी पुरणपोळी खाल्ली तुमी. अन् हे काय?”

मालकांनी तारीख पाहिली. मग सरांकडे पाहिलं. “वकीलसाहेब, हे तं तवाच गेली होती ना?”

“नाही भाऊ.”

“आणखी किती हाय अशा?”

“यंदाच्या सांगू का आजवरच्या सगळ्या?”

“मले उल्लू बनवून राह्यले का तुमी?”

“हाव. पगार त्याचाच घेतो.”

“माह्यावर किती हाय?” मेहुण्यांनी मध्येच विचारलं.

“आजवर चार. जुन्या तीन फाडून टाकल्या.”

“चारच?” मेहुण्यांना ते लागलं.

मालक उभे राहिले. “धाडा सगळ्या! आत्ताच्या आत्ता. अन् तुमीबी पाहा दुसरीकडं.”

“धाडतो,” सर म्हणाले. “फक्त काय धाडून राह्यलो ते एकदा ऐका. मॅडम मराठीतून सांगतील.”

मला कोणी विचारलं नव्हतं. पोस्टातून परत आणलेली दहा पाकिटं माझ्यापुढेच होती. मी मेहुण्यांच्याच नोटिशीपासून सुरुवात केली, पुस्तकी मराठीत. “आपल्या निंदनीय कृत्यामुळे आमच्या कंपनीस तीव्र क्लेश झाले असून...”

“कंपनीले क्लेश?” मेहुणे म्हणाले. “कुठं दुखलं म्हणा?”

ताईंनी तोंडावर फाईल धरली. दुसरी नोटीस ज्यांना होती, त्यांनी गेल्याच महिन्यात मालकांच्या आईला रक्त दिलं होतं. तिसरी मालकांच्या शाळासोबत्याला होती. पाचव्या नोटिशीला मालक बसले. सातवीला म्हणाले, “बस कर, बाई.”

ताईंनी फाईल खाली ठेवून विचारलं, “बाबा, सरांचं काय?”

“राहू दे,” मालक म्हणाले. “पण आता सही केली की पोस्टाची पावती पाहिजे मले.”

म्हणजे सरांची नोकरी वाचली, युक्ती गेली. पावती मागणाऱ्या माणसाचा राग कपाटात ठेवता येत नाही.

पुढच्या सोमवारी मालक एका ट्रान्सपोर्टवाल्यावर भडकून आले. सरांनी कागद घेतला नाही. खुर्ची मालकांसमोर ओढली आणि म्हणाले, “सांगा भाऊ, काय झालं?” मालक पाऊण तास बोलले, त्यातली दहा मिनिटं तर नुसत्या शिव्या. सर मान डोलवत ऐकत होते. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. एवढे दमलेले ते कोर्टातूनही कधी आले नव्हते. शेवटी मालक म्हणाले, “जाऊ द्या, मीच फोन करतो त्याले.”

मीटिंगचा वृत्तांत मी लिहिते. त्या पाऊण तासाचं मी लिहिलं, “विषय चार : चर्चा झाली.”