चार्ज देणारा माणूस

सातवीत शाळा सुटली आणि विसाव्या वर्षी मी मालवणाहून थेट अकोल्याला, सरकीच्या गोदामावर पहारेकरी म्हणून आलो. सकाळी सहाला रात्रपाळीचा म्हातारा मला चार्ज द्यायचा. तो भातकुलीकडचा, फौजेतून निवृत्त झालेला. हात पाठीमागे बांधून सगळं तोंडी सांगायचा: कोणतं कुलूप अडतं, कोणत्या पत्र्याखाली साप असतो. मग म्हणायचा, "आता तू सांग." एक शब्द चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. मी वाचायला कच्चा, नोकरी जाईल या धास्तीत असायचो. त्याच्यामुळेच टिकलो.

शेवटचं वाक्य रोज तेच असायचं. "पांढऱ्या दगडाच्या डाव्या अंगानं जायचं नाई."

गोदामात पांढरा दगड नव्हता. एकदा भीत भीत विचारलंच.

"इथं नाई बापा, वर बर्फातल्या चौकीवर व्हता," तो म्हणाला. "डाव्या अंगाले सुरुंग व्हता. मले आधीच्यानं सांगतलं व्हतं. मी पुढच्याले सांगाचं इसरलो. तुयाएवढाच व्हता तो."

मी दगडाचं वाक्य म्हणून दाखवलं.

तरी तो लगेच "बराबर" म्हणाला नाही. नेहमीसारखाच माझ्या खांद्याशेजारच्या रिकाम्या जागेकडे कान देऊन थांबला. आजवर मला वाटायचं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. थोड्या वेळानं त्याची मान हलली.

"बराबर. जाय आता, सांभाळून."

मला कुठेच जायचं नव्हतं. माझी पाळी तर त्याच फाटकावर होती. मी हळूच बाजूला सरकलो आणि शेजारच्या रिकाम्या जागेला वाट दिली.