मॅडम म्हणाल्या, जाळं काप

“तू उतर जरा. सरांना पुढे बसू दे.”

मी उतरलो. कन्हानच्या पाण्यात, गुडघ्यापर्यंत. थंडीचे दिवस होते. खाप्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव आहे, त्या गावाच्या रेतीघाटावर आमच्या नदीवाटेचं उद्‌घाटन होतं. पहिल्या कयाकमध्ये, त्या अरुंद हलक्या होडीत, मी बसलो होतो. पाणी कुठे खोल, खडक कुठे, वळण कुठे, हे मागच्यांना दाखवत नेण्याचं काम माझं होतं. पण नागपूरहून आलेल्या पाहुण्यांना फोटोत पहिल्या कयाकमध्ये दिसायचं होतं.

“धरून ठेव. हलू देऊ नकोस,” मॅडम म्हणाल्या.

मी धरून उभा राहिलो. पाहुणे पाण्याला घाबरत होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, भार टाकला, आणि पाय आत घेतला. आशीर्वाद देताना हात ठेवतात तसा तो हात नव्हता. जिन्याच्या कठड्यावर ठेवतात तसा होता. नीट बसल्यावर ते म्हणाले, “स्टेडी आहे हो तुमचा माणूस.”

मॅडम हसल्या. “असणारच. सात पिढ्यांची प्रॅक्टिस आहे त्यांच्याकडे.”

काठावरची सगळी मंडळी हसली. नारंगी लाइफ जॅकेट घातलेली, गॉगल लावलेली. मीही हसलो.

हसलो. हे लिहायलाच पाहिजे.

वर रेतीत माय उभी होती. नवं लुगडं नेसून आली होती, कारण मुलाचा कार्यक्रम होता. घरी गेल्यावर तिनं भाकर वाढली आणि विचारलं, “तुले कायले उतरवलं गा त्यायनं?”

“फोटो काढायचा होता, माय.”

“मंग तू फोटोत काहून नाही?”

मी भाकर खात राहिलो.

आम्ही ढिवर. आजा मासे धरायचा, बाप धरायचा, काका अजून धरतो. नदी आटायला लागली की उघड्या पडलेल्या रेतीत आम्ही आळी करतो, खत घालतो, डांगराचे वेल लावतो. उन्हाळ्यात ती डांगरं सावनेरच्या बाजारात जातात. घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. सावनेरला बी.ए. केलं, मग एम.एस.डब्ल्यू. करायला नागपूरला आलो, तेव्हा डोकं टेकायला जागा नव्हती. मॅडमनी जागा दिली. धरमपेठेत त्यांचा बंगला आहे, मागे एक खोली आहे. त्यांची संस्था पर्यावरणाचं काम करते. त्या आमच्या वर्गावर व्याख्यान द्यायला आल्या होत्या, मी एक प्रश्न विचारला, तेवढ्यावर त्यांनी माझी चौकशी केली आणि मला घरी नेलं. कोण नेतं असं?

मला डेंग्यू झाला तेव्हा मॅडमनी स्वतः माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. त्यांच्या वारलेल्या यजमानांचं स्वेटर मला दिलं. मी “मले” म्हणालो की त्या हळूच “मला” म्हणायच्या, रागावून नाही, शिकवावं म्हणून. पुस्तकं दिली, कॉम्प्युटर शिकवला, नोकरी दिली. त्या बंगल्यात पुढच्या दारानं यायचं नाही, असं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मीच मागच्या फाटकानं जात होतो. आपणहून.

हे सगळं खरं आहे. मी कुठलाही उपकार लपवणार नाही. लपवता आला असता तर पुढचं लिहायला इतकं जड गेलं नसतं.

नदीवाट ही कल्पना मॅडमची, पण माझा तिच्यावर मनापासून विश्वास बसला होता. नागपूरच्या माणसाला नदी कुठे मिळते? शहराच्या नावाची नदी शहरातूनच वाहते आणि लोक नाकाला रुमाल लावून तिच्यावरचा पूल ओलांडतात. आम्ही ठरवलं, कन्हानवर ठिकठिकाणी उतरायच्या जागा करायच्या, पायऱ्या आणि पाट्या करायच्या, कयाक ठेवायच्या, आणि कोणीही यावं, वल्हवावं, पुढच्या गावात उतरावं. कोणीही. हा शब्द प्रत्येक बैठकीत यायचा. चाचणीच्या दिवशी हिंगण्याच्या कारखान्यातला एक कामगार बायको आणि लहान मुलीला मोटारसायकलवर घेऊन आला होता. मुलीनं पाण्यात हात घातला आणि काढायलाच तयार नाही. “पप्पा, हे थांबत का नाही?” असं विचारत होती. बाप हसत होता, आई ओरडत होती, आणि मला वाटलं, मी शिकलो ते ह्याच्यासाठीच.

उतरायची पहिली जागा आमच्या गावात करायची ठरली. गाव राजी नव्हतं. मग मॅडमनी मला पाठवलं. “तुझीच माणसं आहेत. तुझं ऐकतील.”

ग्रामसभेत मी उभा राहिलो. सांगितलं, नदीवर कोणाला अडवणार नाही. मासेमारीचे डोंगे जिथे लागतात तिथेच लागतील. सकाळची जाळी उचलून झाल्याशिवाय एकही कयाक पाण्यात उतरणार नाही. माझा शब्द.

एक म्हातारा म्हणाला, “सरकारी लोकंबी असंच बोलते बाप्पा.”

त्यावर काका उठला. सुखदेव काका, बापाचा धाकटा भाऊ. “हा काय सरकारी हाय? आपल्या घरचा पोरगा सांगून राहिला. मंग काय विचारायचं राहिलं?”

विचारायचं काहीच राहिलं नाही. गावानं जागा दिली. ती रेती माझ्या मायच्या डांगराची होती. तिनं त्या वर्षीची आळी करून ठेवली होती, ती तिनंच पायानं बुजवली. “होऊ दे. लोकायले नदी दिसन,” म्हणाली.

उद्‌घाटनानंतर आठवडाभरातच घाटावर पाटी लागली. लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात उतरण्यास मनाई. नियम बरोबरच होता, शहरातल्या माणसांना पोहता येत नाही. पण पाटीजवळ संस्थेनं एक गार्ड बसवला, आणि गार्डला पाहुणा आणि ढिवर यात फरक करायला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा नीट सांगितलं होतं. काका डोंगा लावायला आला तर गार्डनं त्याला खालच्या दगडांकडे पाठवलं. तिथे डोंग्याचा तळ घासतो.

संध्याकाळी काका पारावर सगळ्यांसमोर मला म्हणाला, “काय गा साहेब, एक जॅकेट मलेबी देऊन दे न. नारंगी. मासे तरी ओळखतीन मले, का पाहुणे आले म्हणून.”

लोक हसले. ह्या वेळी मला हसता आलं नाही. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “अरे, सुरुवातीला होतं असं. डोंग्यांना मासळीचा वास येतो, लोक तक्रार करतात. तू समजाव ना त्यांना. तुझ्याइतकं गोड कोण बोलतं?”

मी समजावलं. ही माझी नोकरी होती असं म्हणून सुटता येणार नाही. नोकरी सोडायची भीती होती, पण त्याहून मोठी भीती होती मॅडमना वाईट वाटण्याची. त्यांच्याशी वाद घालायचा विचार मनात आला की कपाळावरच्या ओल्या पट्ट्या आठवायच्या. मग तोंड बंद.

पुढे वेळ बदलली. सूर्योदयाला पाण्यावर धुकं असतं, फोटो चांगले येतात, म्हणून कयाक उजाडतानाच निघायला लागल्या. जाळी उचलायचीही तीच वेळ. मी मॅडमना सांगितलं की मी गावाला शब्द दिलाय. त्या म्हणाल्या, “बघू.” मी गावाला सांगितलं, बघू म्हणाल्यात.

आणि मग तो रविवार आला.

धुकं होतं. बरेच पाहुणे होते, मॅडम स्वतः आल्या होत्या. मी पुढे होतो. वळणाशी काकाचं जाळं पाण्यात आडवं होतं. काका डोंग्यात उभा राहून दुसऱ्या टोकाकडून ते उचलत येत होता. मी हात वर करून मागच्यांना थांबवलं, पण एक बाई थांबल्या नाहीत. त्यांचं वल्हं जाळ्यात गुंतलं. कयाक आडवी झाली, त्या किंचाळल्या.

आमच्याकडे जाळं आडवं आलं तर वल्ह्यानं त्याची वरची दोरी पाण्यात दाबतात, डोंगा वरून नेतात, मग दोरी सोडतात. ह्यात काही विद्या नाही, लहान पोरांनाही येतं. मी तेच केलं. बाई सुटल्या. बाकीच्या कयाकही एकेक करून वरून गेल्या. कोणाला काही झालं नाही. जाळ्यालाही नाही.

मला वाटलं, संपलं.

मॅडम माझ्या बाजूला येऊन थांबल्या. त्यांच्या जॅकेटला एक छोटा चाकू अडकवलेला असतो, माणूस दोरीत अडकला तर सोडवायला. तो त्यांनी काढला आणि मूठ माझ्याकडे केली.

“काप.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “सगळे गेले ना मॅडम पुढे.”

“आज गेले. रोज तू असणार आहेस का इथे? इतक्यांदा सांगून झालं. एकदा कापलं की परत लावणार नाहीत. काप.”

काकानं ऐकलं. पाण्यावर आवाज लांब जातो. तो डोंग्यातून ओरडला नाही. साधंच बोलला. “ते नवं हाय गा. तुह्या काकूनं विणलं हाय.”

चाकू माझ्या हातात होता. मॅडमनी दिलेलं स्वेटर माझ्या अंगात होतं. मी हे कारण म्हणून सांगत नाही, तसंच होतं म्हणून सांगतो. मला त्या क्षणी मोठं काही सुचलं नाही. कुठला विचार नाही, घोषणा नाही. मला फक्त एवढं कळलं की चाकू माझ्याच हातात का दिला. संस्थेची दुसरी दोन माणसं सोबत होती, मॅडमना स्वतःला हात होते. पण आमचं जाळं आमच्या हातानं कापलं की ते भांडण राहत नाही. आमच्यातलाच एक जण कापतोय, मग तक्रार कोणाची? जागाही अशीच घेतली होती. माझ्या तोंडून.

“नाही कापणार,” मी म्हणालो.

“काय?”

“जाळं नाही कापणार मॅडम. तुम्ही वेळ बदला. मी गावाला शब्द दिलाय.”

“तू कोणाशी बोलतोयस, कळतंय का तुला?”

“हो.”

मी चाकू उलटा धरून त्यांच्या कयाकवर, त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उचलला नाही. माझ्याकडे बघत राहिल्या. आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

“मुलासारखं केलं तुझं,” त्या म्हणाल्या. “मुलासारखं.”

मी खाली बघितलं. मुलाला त्यांनी उद्‌घाटनाच्या दिवशी पाण्यात उभं केलं असतं का, हे विचारायचं तोंडाशी आलं होतं. विचारलं नाही. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खोटं नव्हतं. त्यांना खरंच वाटतं की त्यांनी मुलासारखं केलं. मलाही इतकी वर्षं तेच वाटत होतं.

परत येताना काका घाटावर भेटला. खालच्या दगडांवर डोंगा ओढत होता. मी हात लावला. मला वाटलं तो काही बोलेल. पाठीवर थाप मारेल. मला ते हवं होतं, हेही कबूल करतो.

तो म्हणाला, “आज तू नाही कापलं. उद्या दुसरा कापीन. मंग?”

एवढंच बोलून तो मासे घेऊन गेला.

तेव्हापासून मी कामावर गेलेलो नाही. धरमपेठेतली खोली रिकामी केली, किल्ली मॅडमच्या हातात दिली. त्यांनी चहा विचारला. मी घेतला. बाहेर पडल्यावर बंगल्याच्या कोपऱ्यावर मला रडू आलं. आपण एका चांगल्या बाईला दुखावलं, हे माझ्या मनातून जात नाही. सकाळी जागा झालो की पहिलं तेच येतं. माय म्हणते, “जाऊन पाया पड अन् ये परत.” पाया पडायला माझी हरकत नाही. आजही पडेन.

पण आता मला एक कळतं. मॅडमना दुखावलं म्हणून मी जितका तळमळतो, त्याच्या निम्माही मी गावाला फसवलं म्हणून तळमळलो नव्हतो. मायनं आळी बुजवली तेव्हा मला झोप लागत होती. काकानं दगडांवर डोंगा घासला तेव्हाही. एकीच्या उपकाराचं ओझं मला रोज जाणवायचं, दुसरीचे उपकार तर मी मोजलेच नाहीत, कारण ती माय होती, तिनं करायचंच होतं. माझी लाजही मी मोठ्या माणसांसाठीच राखून ठेवली होती. ही लाज मला कोणी शिकवली ते मी शोधत बसणार नाही. ती आता मी मोडणार आहे.

नदीवाट बंद पडावी असं मला वाटत नाही. हिंगण्याच्या त्या मुलीनं पुन्हा यावं, तिच्यासारख्या शंभर मुलींनी यावं. नदी त्यांचीही आहे. पण आम्हाला हाकलून ती त्यांची होणार नाही.

येत्या ग्रामसभेला मॅडम येणार आहेत. उतरायची जागा कायमची संस्थेकडे द्यावी, असा प्रस्ताव आहे. गावात चार लोक तयारही झालेत. संस्थेच्या बाजूनं बोलायला मॅडमनी दुसऱ्या एका शिकलेल्या पोराला धरलंय. आमच्याच गल्लीतला आहे. गोड बोलतो.

मी उभा राहणार आहे. सांगणार आहे की ही जागा माझ्या शब्दावर दिली होती आणि तो शब्द पाळला गेला नाही. जाळी उचलण्याआधी कयाक उतरणार नसतील, डोंगे घाटालाच लागणार असतील, तर जागा राहील. नाहीतर ती परत घ्यायची, आणि मायची आळी पुन्हा करायला पहिलं फावडं मी मारीन. हे मॅडमच्या समोर बोलणार. त्या रडल्या तरी बोलणार. माझा आवाज कापेल, मला माहीत आहे.

कापत्या आवाजानंच बोलणार. शेवटपर्यंत.